कारखान्याच्या कुंपणापाशी थांबणारे चक्र

चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे एका कामातला टाकाऊ पदार्थ दुसऱ्या कामात वापरून वाया काही न जाऊ देणे, हा विषय आता धोरणाच्या कागदांतून संशोधन संस्थांच्या रोजच्या कामकाजात उतरला आहे, आणि महाराष्ट्रात त्याचे हुकमी उदाहरण म्हणून साखर कारखान्याकडे बोट दाखवले जाते. विद्यापीठाचा एखादा विभाग, राष्ट्रीय प्रयोगशाळा, यंत्रसामग्री बनवणारी कंपनी आणि एखादा सहकारी कारखाना असे भागीदार एकत्र येतात, सामंजस्य करार होतो, शाल-श्रीफळ होते आणि मग प्रकल्प पुढे नेण्यासाठी बैठक बसते. पडद्यावर एक आकृती येते. ऊस डावीकडून आत येतो, साखर उजवीकडून बाहेर पडते आणि मधले सगळे पदार्थ बाणांनी एकमेकांना असे जोडलेले असतात की वाया म्हणून काही उरतच नाही. या आकृतीतल्या एकेका बाणावर जन्मभर काम केलेली माणसे त्या बैठकीत असतात आणि त्यांच्या कामाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. माझे म्हणणे आकृतीच्या बाहेरच्या रेघेविषयी आहे. ती रेघ कारखान्याच्या कुंपणावर ओढायची की उसाच्या रानापर्यंत न्यायची, हा निर्णय तंत्रज्ञांनी आपसात उरकण्याजोगा नाही, कारण पाणी, जमीन आणि उसाचा दर या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

कारखान्याच्या आत काय घडते ते आधी नीट पाहिले पाहिजे, कारण तिथली कामगिरी खरोखर मोठी आहे. गव्हाणीत पडलेल्या एक टन उसातून साधारण १०० ते ११० किलो साखर निघते, त्याच्या जवळजवळ तिप्पट म्हणजे २८० ते ३०० किलो ओला बगॅस म्हणजे उसाचा चोथा निघतो, ४० किलोच्या आसपास मोलॅसिस (साखर काढल्यावर उरणारा काकवीसारखा दाट द्रव) आणि ३० ते ४० किलो प्रेसमड (रस स्वच्छ करताना निघणारा गाळ) मिळते. बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर आणि विजेवर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकता येते. मोलॅसिसपासून अल्कोहोल होते. आसवनीतून, म्हणजे अल्कोहोल तयार करणाऱ्या विभागातून, एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर काळपट सांडपाणी म्हणजे स्पेंटवॉश बाहेर पडतो. त्यापासून बायोगॅस करता येतो, तो प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करता येते, किंवा आटवून खास बॉयलरमध्ये जाळता येतो. जाळल्यावर उरणाऱ्या राखेत पालाश (पोटॅश) असते आणि ऑक्टोबर २०२१ पासून या पालाशाला केंद्र सरकारच्या खतांसाठीच्या पोषणद्रव्याधारित अनुदान योजनेत जागा मिळाली आहे. आपला देश पालाशयुक्त खतासाठी जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून असताना उसाने जमिनीतून उचललेले पालाश राखेच्या रूपाने परत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पूर्वी हाच स्पेंटवॉश ओढ्यांतून नदीत जाई आणि नदीकाठच्या गावांना वासावरूनच आसवनी सुरू झाल्याचे कळे. तो प्रकार पूर्ण थांबला आहे असे कृष्णा-पंचगंगेच्या काठी राहणारा कोणी म्हणणार नाही, पण नियमांनी आणि संशोधनाने त्याला बराच लगाम घातला आहे, हे मान्य करायला हवे.

अडचण सुरू होते ती यानंतर. या पदार्थांपैकी एकही पदार्थ आज खऱ्या अर्थाने टाकाऊ राहिलेला नाही, तरी नव्या प्रकल्पांचे प्रस्ताव मात्र तो टाकाऊ आहे आणि म्हणून फुकट आहे, असे धरून लिहिले जातात. बगॅसचेच घ्या. सहवीजनिर्मितीच्या अहवालात तो इंधन असतो, दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे चोथ्यापासून करायच्या, इथेनॉलच्या अहवालात तो सेल्युलोजचा स्रोत असतो, कागद गिरणीच्या आणि विघटनशील ताटवाट्यांच्या प्रस्तावात तो लगदा असतो. कारखान्यात तो एकच ढीग असतो. तो दुसऱ्या कामासाठी काढून घेतला तर बॉयलरला दुसरे इंधन लागेल, आणि ते कुठून येईल, किती धूर करील, हा आकडा दुसऱ्या अहवालात येत नाही, कारण त्या अहवालाचा विषय तो नसतो. प्रेसमडची गत याहून बिकट आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने संपीडित जैववायूसाठी 'सतत' योजना आणली तेव्हापासून प्रेसमडला गिऱ्हाईक मिळाले. त्याआधी तेच प्रेसमड स्पेंटवॉश शोषून कंपोस्ट करायला लागत होते, आणि त्याहीआधी कारखान्याच्या सभासदाच्या शेतात ट्रॉलीने जात होते. दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना १२० दिवस चालला तर ६ लाख टन उसामागे १८ ते २४ हजार टन प्रेसमड निघेल. एवढेच. त्यावर तीन योजना उभ्या राहिल्या तर प्रेसमड तिप्पट होत नाही. वेगवेगळ्या भागीदारांचे वेगवेगळे प्रकल्प जोवर आपापल्या वहीत हिशेब लिहितात, तोवर प्रत्येक वही बरोबर असते आणि बेरीज चुकते.

जैववायू काढल्यावर उरणारे किण्वित सेंद्रिय खत शेतात परत जाऊ शकते, हे खरे. सभासद कच्चे प्रेसमड नेऊन बांधावर ढीग मारत, ते तापे, त्यावर माश्या घोंगावत, आणि पुरते कुजण्याआधी सरीत पडले तर पिकाला फायद्याऐवजी त्रासच होई. तेव्हा वायू काढून कुजलेले खत देणे ही सुधारणाच आहे. परंतु ते खत त्याच सभासदाच्या रानात जाते की पिशवीत भरून भलत्याच जिल्ह्यात विकले जाते, यावर चक्र पूर्ण झाले की नाही ते ठरते, आणि त्याची नोंद ठेवण्याची जबाबदारी करारात सहसा कोणाकडेच दिलेली नसते.

पाण्याचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. उसात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी असते. एक टन ऊस आला की त्याच्याबरोबर ७०० लिटर पाणी कारखान्यात येते. रस आटवताना निघालेली वाफ थंड करून, स्वच्छ करून ते वापरले तर कारखान्याला नदीतून किंवा विहिरीतून पाणी उचलण्याची गरज जवळजवळ राहत नाही. अनेक कारखान्यांनी हे साधले आहे आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. आता रेघ कुंपणाबाहेर सरकवू या. निती आयोगाच्या २०२१ सालच्या पेट्रोलमधल्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यातच असे म्हटले आहे की एक किलो साखरेपुरता ऊस वाढवायला १,६०० ते २,००० लिटर पाणी लागते आणि उसापासून मिळणाऱ्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. म्हणजे टनाला १०० किलो साखर धरली तर त्या एका टन उसाने रानात दीड लाख लिटरांहून अधिक पाणी घेतले. आपण ७०० लिटरांची बचत कौतुकाने मोजतो आणि दीड-दोन लाख लिटर आकृतीच्या बाहेर ठेवतो. पावसाचा वाटा त्यातून वजा केला, ठिबकाने काही वाचवले, तरी या दोन आकड्यांमधले अंतर भरून निघणारे नाही.

हे केवळ वहीतले गणित नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले, आणि त्याच मराठवाड्यात उसाचे क्षेत्र व कारखाने पाऊस बरा झाला की पुन्हा वाढत आले. जुलै २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयाचे पुढे काय झाले हे पाटाखालच्या कोणत्याही गावात सरीतून वाहणारे पाणी पाहून ओळखता येते. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊसमान कमी असताना केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी घातली, आठवडाभरात ती १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत सैल केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या वाढवल्या होत्या त्यांना या एका हंगामाने कळून चुकले की कुंपणाच्या आतले चक्र कितीही चोख असले तरी ते कुंपणाबाहेरच्या पावसावर फिरते. मग संशोधन प्रकल्पाने तो पाऊस, ती धरणे आणि कालव्याला पाणी सोडण्याची ती रोटेशने आपल्या मोजमापाबाहेर ठेवावीत याला शास्त्रीय आधार कोणता?

जमिनीचेही असेच आहे. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या नदीकाठच्या तालुक्यांत वर्षानुवर्षे मोकाट पाणी आणि भरमसाट खते दिल्याने हजारो एकर जमीन क्षारपड झाली. जिथे एके काळी उसाचे विक्रम होत तिथे पांढरा थर आला आणि बाभळी उगवल्या. शिरोळ तालुक्यात श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेऊन, शेजारशेजारच्या शेतकऱ्यांना एकत्र आणून, जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचऱ्याचे काम केले आणि पडीक जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. माझ्या मते चक्रीय अर्थव्यवस्थेचे हे आसवनीइतकेच, कदाचित अधिक अस्सल उदाहरण आहे, आणि तरीही त्या विषयावरच्या सादरीकरणात ते क्वचित दिसते, कारण त्यातून विकायला नवा पदार्थ निघत नाही. उलट, क्षार वाढलेल्या जमिनीत स्पेंटवॉशपासून केलेले कंपोस्ट किंवा राख किती आणि किती वर्षे द्यावी, हा प्रश्न ज्या मृदशास्त्रज्ञाला विचारायचा तो बहुतेक वेळा या बैठकीत नसतोच. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून उसाच्या वाणांवर आणि लागवडीवर काम करते आहे. रासायनिक अभियंते वेगळ्या संस्थांत, वेगळ्या निधीवर काम करतात. दोघांचा ऊस एकच असला तरी दोघांचे अहवाल एका टेबलावर येत नाहीत.

रानातले जे चक्र संशोधनाच्या आधीपासून चालू होते, त्याच्याकडेही जरा लक्ष द्यायला हवे. ऊस तोडताना शेंड्याचे हिरवे वाढे वेगळे काढतात. बीड, अहिल्यानगर, जळगावकडून आलेली ऊसतोड कामगारांची जोडी पहाटे फडात उतरते, मोळ्या बांधते आणि वाढ्यांच्या पेंढ्या बाजूला रचते. काही त्यांच्या बैलांना होतात, उरलेल्या रस्त्याकडेला म्हशीवाल्यांना विकून हातखर्चाचे पैसे सुटतात. उन्हाळ्याच्या तोंडावर पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांना या वाढ्यांचा मोठा आधार असतो. आता मजूर मिळत नाहीत म्हणून ऊसतोडणी यंत्रे येत आहेत, आणि ती यावीतच, कारण मुकादमाच्या उचलीत अडकलेले ते कष्टाचे जिणे टिकवून ठेवण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. पण यंत्र वाढे आणि पाचट एकत्र कापून पंख्याने रानात उडवते. जनावराला घालण्याजोगे वाढे त्यातून हाती लागत नाही. म्हणजे एक चक्र मोडले. त्याच वेळी पाचटाचा जाड थर रानात पडला, आणि हेक्टरी ८ ते १० टन निघणारे ते पाचट पेटवून न देता त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकून खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुंध्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकात) आच्छादन केले तर पाण्याची एखादी पाळी वाचते, तण दबते, सेंद्रिय कर्ब वाढतो. म्हणजे दुसरे चक्र जुळण्याची सोय झाली. तेवढ्यात तिसरा प्रस्ताव येतो: पाचटाच्या गासड्या बांधून बॉयलरला घालाव्यात. कागदावर तिन्ही उपयोग 'कचऱ्यातून संपत्ती' या एकाच मथळ्याखाली बसतात. गोठ्याचा चारा, जमिनीचा कर्ब आणि बॉयलरचे इंधन यांपैकी काय निवडायचे हे कोणत्याही प्रयोगशाळेतल्या उपकरणाने ठरणार नाही. ते शेतकऱ्याला, दूधवाल्याला आणि कारखान्याला समोरासमोर बसूनच ठरवावे लागेल.

आता पैशाकडे येतो, कारण चक्र फिरते ते शेवटी पैशावर. केंद्राने साखर उद्योगासाठी नेमलेल्या रंगराजन समितीने २०१२ मध्ये असे सुचवले की साखर आणि बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड हे पहिल्या टप्प्याचे उपपदार्थ यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकाला मिळावा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये यासाठी कायदा केला आणि ऊस दर नियंत्रण मंडळ नेमले. या सूत्रात पहिल्या टप्प्याचे हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. मोलॅसिसची किंमत हिशेबात धरली जाते, त्यापासून झालेल्या इथेनॉलची नाही. प्रेसमडची धरली जाते, वायूची नाही. राखेतल्या पालाशाची तर नाहीच. आसवनी कारखान्याचीच असेल तर मोलॅसिस एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते आणि त्याचा भाव काय लावायचा हे घरातल्या घरात ठरते. चक्रीय अर्थव्यवस्थेतले सगळे संशोधन नेमके या पहिल्या टप्प्याच्या पुढे मूल्य निर्माण करण्यासाठी आहे. तेव्हा संशोधन जितके यशस्वी होईल तितका उत्पन्नाचा मोठा हिस्सा शेतकऱ्याच्या सूत्राबाहेर जाईल, असा हा विचित्र पेच आहे. उपपदार्थांतला वाटा ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. ती ऊसदराच्या आंदोलनात रस्त्यावर ऐकू येते, संशोधनाच्या बैठकीत मात्र तिचा उच्चार होत नाही.

संशोधन आणि ऊसदर यांचा संबंध जोडणे ओढूनताणून वाटत असेल तर उताऱ्याचे, म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघते त्याचे, उदाहरण पाहावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली आणि उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३.४६ रुपये अधिक द्यायचे ठरले. बी-हेवी मोलॅसिस (ज्यात अजून बरीच साखर शिल्लक असते ते) किंवा रस इथेनॉलकडे वळवला की कारखान्याचा साखर उतारा कागदावर घटतो. शेतकऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून ती घट किती धरायची हे तांत्रिक मोजमापाने ठरवून उताऱ्यात परत मिळवावी लागते. वर धरलेल्या ६ लाख टनांच्या कारखान्यात या मोजमापात ०.१ टक्क्याचा फरक पडला तर दोन कोटी रुपयांहून अधिक रक्कम इकडची तिकडे होते. इतका पैसा ज्या आकड्यावर हलतो तो आकडा तंत्रज्ञ काढतात. मग संशोधक ऊसदराच्या राजकारणापासून अलिप्त आहेत असे म्हणण्यात काही अर्थ उरत नाही.

यावर कारखानदारीतून येणारे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते पोकळ नाही. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षे तिथेच राहिली, एफआरपी मात्र जवळपास दर वर्षी वाढत गेली. जुने वीजखरेदी करार संपल्यावर सहविजेचे दर खाली आले. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. इथेनॉलचे पैसे लवकर हाती येतात म्हणूनच शेतकऱ्यांची देणी वेळेवर जाऊ लागली, हेही अनुभवाचे आहे. अशा स्थितीत पाण्याचा, जमिनीचा, मजुरांचा आणि वाट्याचा प्रश्न पहिल्याच बैठकीत आणला तर प्रकल्प पुढे सरकणारच नाही, अशी भीती व्यक्त केली जाते. परंतु प्रकल्प उभा राहिल्यावर हे प्रश्न न्यायालयात, हरित लवादापुढे किंवा ऊस अडवलेल्या चौकात येतातच, आणि तोवर यंत्रे बसलेली असतात. नवे तंत्र शेतकऱ्याला वाटा देऊन परवडत नसेल, तर ते परवडत नाही हे गुंतवणुकीआधी कळणे कारखान्याच्याही हिताचे आहे.

जगात या विषयाचे नाव निघाले की डेन्मार्कमधल्या कालुनबोर्गचे उदाहरण दिले जाते. तिथे वीज केंद्राची वाफ औषध कारखान्याला, तेलशुद्धीकरणाचा वायू जिप्समच्या पाट्या बनवणाऱ्याला, अशी देवघेव उभी राहिली. ती कोणत्याही संशोधन प्रकल्पातून जन्मली नाही. १९६१ मध्ये भूजल तोकडे असल्याने तिस्सो तलावाचे पाणी आणण्याच्या व्यवहारापासून ती सुरू झाली आणि एकमेकांना ओळखणाऱ्या लहान गावातल्या व्यवस्थापकांनी एकेक करार करत ती वाढवली. त्या सगळ्या व्यवस्थेला नाव मिळाले १९८९ च्या सुमारास. आपल्याकडे नाव आधी येते, आणि पाणी परिशिष्टात.

सहकारी कारखान्याची मूळ कल्पना पाहता आपल्याला हे अवघड जायला नको. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास जो कारखाना उभा केला त्यात ऊस पिकवणारा हाच मालक होता. रान आणि कारखाना यांत कुंपण नव्हते, निदान संस्थेच्या घटनेत तरी नव्हते. आज भागीदारांच्या बैठकीत कारखान्याच्या वतीने कार्यकारी संचालक आणि मुख्य रसायनतज्ज्ञ बसतात, सभासद बसत नाही. त्याला बोलवावे. त्याच्याबरोबर पाटबंधारे खात्याचा लाभक्षेत्रातला अभियंता, मृदशास्त्रज्ञ आणि ऊसतोड कामगारांचा प्रतिनिधीही असावा. त्या बैठकीत तंत्राची चर्चा सुरू होण्याआधी तीन कागद सगळ्यांसमोर यावेत. पहिला, कारखान्याचा प्रत्येक उपपदार्थ आज कोण, किती आणि कोणत्या भावाने नेतो त्याचा. दुसरा, ज्या गावांतून ऊस येतो तिथल्या पाण्याचा आणि माती परीक्षणाचा. तिसरा, नव्या पदार्थातून उत्पन्न आले तर त्यातले किती उसाच्या दरात येईल याचा. सार्वजनिक निधी घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला हे तीन कागद करारासोबत जोडणे बंधनकारक करावे आणि दर हंगामानंतर त्यांतले आकडे कारखान्याच्या वार्षिक अहवालात छापावेत. सभासदाला तो अहवाल सर्वसाधारण सभेपूर्वी मिळतो, आणि तिथे प्रश्न विचारण्याचा हक्क त्याला सहकार कायद्याने आधीच दिलेला आहे.